बाईले विचारा

माझा थोरला भाऊ गोविंदा सक्करदऱ्याला माझ्या खोलीवर अकरा वर्षांत तीनदा आला. पहिल्यांदा माय गेल्याचं सांगायला, दुसऱ्यांदा बाबा गेल्याचं सांगायला. त्यामुळे त्र्याहत्तरच्या जूनमध्ये एका संध्याकाळी त्याची सायकल फाटकाला टेकलेली दिसली, तेव्हा मी धावतच दाराशी गेले. आता जाण्यासारखं माझं होतंच कोण, एक तो आणि त्याचं बिऱ्हाड.

दारातच त्यानं चपला काढल्या. सगळे बरे आहेत, पोरगी प्रेमिला मॅट्रिक पास झाली, असं तो एका दमात बोलून गेला. मी त्याला खुर्ची दिली. तो तिच्या अगदी कडेवर बसला, दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसतात तसा. चहा केला तर "काहून तरास घेता" म्हणाला. सख्खा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लहानपणी ज्यानं माझी वेणी मागाच्या खांबाला बांधून ठेवली होती, तो मला 'तरास घेता' म्हणतो.

हे कधी सुरू झालं ते मला नीट आठवतं. मी बी. ए. झाले त्या दिवशी त्यानं हात जोडून "या, बाई, तुमी खाटेवर बसा" अशी माझी थट्टा केली होती. माय हसली, मीही हसले. पुढे मी बी. टी. केलं, मुलींच्या शाळेत नोकरीला लागले, आणि आमच्या विणकरांच्या गल्लीतली माणसं खरोखरच मला बाई म्हणायला लागली. थट्टा कधीच संपली, पण 'तुमी' तेवढं मागे राहिलं. इंदे वं, अशी मला हाक मारणारं शेवटचं माणूस माझी माय. ती गेल्यापासून मी इंदूबाई आहे.

गल्लीत एक म्हणणंच पडून गेलं होतं, बाईले विचारा. सरकारी कागद आला, बाईले विचारा. पोराला देवीची लस टोचायची की नाही, बाईले विचारा. मला आधी त्याचा तोरा वाटायचा. नंतर नंतर लक्षात आलं की लोक मला विचारायला येतात, बसायला येत नाहीत.

गोविंदाही विचारायलाच आला होता. उमरेडहून प्रेमिलासाठी स्थळ आलं होतं. घरचे दोन माग, मुलगा हाताचा चांगला, सासू नाही. आणि प्रेमिला म्हणत होती, मला कॉलेजात जायचं. गल्लीतला बळीराम रविवारी दुपारच्या गाडीनं उमरेडला जाणार होता, त्याच्या हाती हो किंवा नाही कळवायचं होतं.

"पैशाचं सोडा, ते मी पाहून घेईन," गोविंदा म्हणाला. "मले दुसरं सांगा. शिकून फायदा हाय का तोटा? आमच्यात तुमीच एक शिकल्या. तुमी सांगान तसं करतो."

मी म्हटलं, रविवारी येते आणि सांगते. त्यानं मान हलवली, कप उचलून स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. त्या कपाचा मला इतका राग आला की तो मी पुन्हा दोनदा घासला.

शाळेला सुट्टी होती. सुट्टीत मी काय करते, असं कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागेल. सकाळी पाणी भरते, दोन पोळ्या करते, दुपारी तळ्याकडच्या खिडकीपाशी पेपर वाचते, जाहिरातींसकट. घरमालकीणबाई दुपारची डुलकी काढून उठल्या की एकदा माझ्या दारावरून जातात आणि "काय, वाचन चाललंय?" म्हणतात. मी हो म्हणते. मे महिन्यात सलग चार दिवस मी तेवढा एकच शब्द बोलले होते. पाचव्या दिवशी भाजीवाल्याशी बोलताना घसा बसल्यासारखा आवाज आला, तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं.

आता गोविंदाच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं होतं. मी मुलींना निबंध घालते, शिक्षणाचे फायदे, वीस ओळी. स्वतःला तो निबंध घातला तर दोन ओळींत आटोपला. महिन्याच्या महिन्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. आणि कागदावर काय लिहिलंय ते मला कळतं. बाकीच्या अठरा ओळी मला सुचेनात.

तोट्याच्या बाजूला मात्र पेन थांबेना. लग्नाचंच पाहा. मागावरची मुलं म्हणायची, शिकलेली बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरेल का? आमच्यातला एक मुलगा कचेरीत कारकून होता, त्याच्या घरून माणसं आली. मुलीला बोलण्याची फार सवय दिसते, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला. मी फक्त त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती, तीही पूर्ण वाक्यात. पुढे कुणी आलंच नाही आणि बाबांनीही शोधणं सोडलं. शाळेतल्या बायका चांगल्या आहेत. पण त्यांच्या हळदीकुंकवाला मी गेले की त्या मला पाटावर बसवून गल्लीतल्या लुगड्यांचे भाव विचारतात. इकडे मी विणकराची आणि तिकडे मी बाई, असं करता करता पस्तिशी आली.

शुक्रवारी रात्री जेवताना मला अचानक वाटलं, प्रेमिला कॉलेजात गेली तर ती माझ्याकडेच राहील. कॉलेज इथून जवळ पडेल. संध्याकाळी ती येईल, मी भाकरी टाकीन, ती मला काय शिकवलं ते सांगेल. शनिवारी सकाळी मी ट्रंक पलंगाखाली सरकवली आणि घरमालकीणबाईंकडे एक बाज मागितली. बाज आली, भिंतीशी लागलीही. तिच्याकडे पाहत मी चहा प्यायले, आणि मग मला स्वतःची लाजच वाटली. गोविंदानं पोरीचं भलं विचारलं होतं, आणि मी सोबतीची व्यवस्था करत बसले होते. तरी बाज मी परत केली नाही.

रविवारी पहाटेच निघाले. उन्हाच्या आत पोचावं हे एक कारण, आणि त्या दिवशी गोविंदाची पांजणी होती हे दुसरं. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ लावतात, ती पांजणी. अख्खा ताणा गल्लीभर लांब ताणायचा, बांबूच्या घोड्यांवर टेकवायचा, तांदळाची खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी कुंचे मारत न्यायचे. ऊन चढायच्या आत संपवावं लागतं, नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात. एका घराचं हे काम नव्हे. ज्याची पांजणी असेल त्यानं पहाटे दारोदार नावानं हाक मारायची आणि प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, अशी आमची रीत.

गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा ताणा लागलेला होता. दोन्ही बाजूंना वीसेक माणसं, बाया, पोरी. खळीचा आंबूस वास आला आणि मला एकदम बरं वाटलं. लहानपणी या वासानं मला मळमळायचं. मी पदर खोचला आणि प्रेमिलाच्या शेजारी जाऊन उभी राहिले. प्रेमिला हसली. माझ्या पलीकडची एक म्हातारी मात्र दोन पावलं सरकली. राग नव्हता तिचा, ती मला जागा देत होती. जिथं खांद्याला खांदा लावून उभं राहतात तिथं माझ्या दोन्ही बाजूंना वीत वीत मोकळी जागा होती.

कुंचा पुढे जाताना धागे तुटतात. ज्याच्यासमोर तुटला त्यानं तो सांधायचा. माझ्यासमोर एक तुटला. मी दोन्ही टोकं धरली आणि पटकन गाठ मारली. गाठ बसली आणि मग मला आठवलं. ताण्यात गाठ मारत नाहीत. दोन्ही टोकांना बोटानं खळ लावायची, एकमेकांवर ठेवायची आणि चिमटीत वळ द्यायचा. गाठ असली की ती मागाच्या फणीत अडते आणि शेजारचे चार धागे घेऊन तुटते. हे मला आठव्या वर्षी येत होतं. गाठ शिंपी मारतो, बाजारातला माणूस मारतो, विणकराच्या घरचं पोरगंही मारत नाही.

बळीराम ताण्यावर नजर ठेवून फिरत होता. साठीचा माणूस, तोंडाचा फाटका, सगळ्या गल्लीला त्याच्या शिव्या पाठ. त्याला गाठ दिसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाठ सोडवली, वळ दिला आणि अगदी हळू म्हणाला, "चालते, बाई."

थोड्या वेळानं प्रेमिलानं घाईत तेच केलं. बळीरामनं तिच्या डोक्यात टप्पल मारली. तिच्या मायबापाचा, शाळेचा आणि मॅट्रिकच्या पेपर तपासणाऱ्या मास्तरांचा उद्धार केला, आणि सगळी गल्ली हसली. प्रेमिला डोकं चोळत हसली. मी पण हसले. पण मला त्या टप्पलीचा हेवा वाटला, हे मी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पस्तीस वर्षांची बाई, बी. ए. बी. टी., आणि आपल्याला कुणी शिवी देत नाही म्हणून गल्लीत उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी. खळीचा हात डोळ्याला लागला म्हणून मी वेळ मारून नेली.

पांजणी संपली, लोक पांगले आणि आम्ही घरात आलो. खोलीत अर्धी जागा मागाची. गोविंदा मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला. मला खाट दिली. प्रेमिला दाराला टेकून उभी. माझी वहिनी रुख्मिणी कोपऱ्यात चरख्यापाशी बसली आणि कांड्या भरायला लागली. धोट्यात घालायच्या त्या बारीक कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम तिचं. मी तिला पाहत आले आहे ती नेहमी त्याच कोपऱ्यात. कमी बोलणारी. तीही मला बाईच म्हणते, पण तिचं म्हणणं लग्न होऊन आल्या दिवसापासूनचं आहे. नणंदेला बाई म्हणायचं म्हणून. तेव्हा मी कॉलेजात पायसुद्धा ठेवला नव्हता.

"मंग बाई," गोविंदा म्हणाला, "बळीराम वाट पाहून राहिला. काय सांगू?"

मी दोन दिवस वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला ठेवून मी खरं ते सांगितलं. म्हटलं, फायदा आहे. कुणाचं ऐकून घ्यावं लागत नाही, हा फायदा लहान नाही. पण माणूस एकटं पडतं. घरचे परके होतात आणि परके काही घरचे होत नाहीत. मला कुणी रागवत नाही, कुणी हक्कानं भांडत नाही. सणाला ताट वाढतात आणि पाहुण्यासारखा आग्रह करतात. आज गल्लीनं मला साधी एक शिवी दिली नाही. गोविंदा खाली मान घालून ऐकत होता. प्रेमिलाचा चेहरा उतरत चालला होता, ते मला दिसलं. म्हणून मी घाईनं पुढे म्हटलं, पण हिला पाठवा. हिला माझ्याकडे राहू द्या. दोघी असलो म्हणजे ही एकटी पडणार नाही. मी बाजसुद्धा आणून ठेवली आहे.

चरख्याचा आवाज थांबला.

"पोरीले शिकवा," रुख्मिणी म्हणाली. ती गोविंदाशी बोलत होती. "उमरेडले नाही म्हणून सांगा. पण पोरगी बाईकडे नाही राहणार. इथून जाईन न संध्याकाळी इथंच वापस येईन."

गोविंदानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू खोलीतला मागच बोलला. मी विचारलं, का? माझ्याकडे काय वाईट आहे? माझा आवाज शाळेतला लागला, हे मलाच ऐकू आलं.

रुख्मिणी माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती ती. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"बाई, गल्लीनं तुमाले नाही सोडलं," ती म्हणाली. "तुमी कालेजात चालल्या त्या साली मी या घरात आली. पंधरा वर्षांची होती. तुमच्या कांड्या माह्याकडं आल्या. बाप्यांशी बोलायचं नाही, सासूशी बोलायचं भ्याव. माह्या वयाच्या या घरात तुमीच एक होत्या. संध्याकाळी तुमची वाट पाहत होती मी. तुमी येत होत्या न पुस्तक घेऊन तिकडं तोंड करून बसत होत्या. चार वर्षांत एक दिवस बी तुमी म्हणलं नाही, रुख्मिणी, काय करून राहिली वं?"

बाहेर बळीराम कुणावर तरी ओरडत होता.

"शिकल्यानं एकटं होते का नाही, मले का मालूम," ती म्हणाली. "मी तं चवथी शिकली. मी बी एकटीच होती ना."

मला सांगायचं होतं की तेव्हा परीक्षा असायच्या. दिवा एकच होता आणि तो नऊला विझवावा लागायचा. वर्गातल्या, महाल भागातल्या पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मुली माझ्या 'मले-तुले'वर हसायच्या, म्हणून मी घरी येताना तोंड मिटूनच यायचे, की चुकून पुन्हा ते तोंडात बसू नये. हे सगळं खरं आहे. पण हेही खरं आहे की मला त्या कोपऱ्यात कुणी बसलंय हे माहीत होतं. एकदा तिनं माझं भूगोलाचं पुस्तक उघडून नकाशावर बोट ठेवलं होतं आणि माझ्याकडे पाहिलं होतं. मी पुस्तक काढून घेतलं होतं, तिच्या हाताला खळ होती म्हणून. अठरा वर्षांत ती गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती. ती तिला रोज आठवत असेल असंही नाही, पण माझ्या तोट्याच्या यादीत ती नव्हती एवढं नक्की. त्या यादीत लोकांनी माझं काय काय केलं तेच सगळं होतं.

"वहिनी म्हणते ते खरं आहे," मी गोविंदाला म्हटलं. एवढं बोलायला मला फार जड गेलं, आणि बोलून झाल्यावर हलकंही वाटलं नाही.

गोविंदा उठला. निघताना सवयीनं त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग थांबला आणि रुख्मिणीकडे पाहून विचारलं, "मंग नाही म्हणू ना उमरेडवाल्याईले?" तिनं हो म्हटलं. तो टोपी घालून बळीरामला सांगायला बाहेर पडला. प्रेमिला आईच्या गळ्यात पडायला धावली, तर "सूत तुटीन ना वं" म्हणून रुख्मिणीनं तिला ढकललं. पोरगी ढकललेलीच उभी राहिली आणि दात काढून हसत राहिली. मग पळाली मैत्रिणींना सांगायला.

घरात आम्ही दोघीच उरलो. चरखा पुन्हा सुरू झाला होता. इतक्या वर्षांत त्या घरात आम्ही दोघीच कितीदा असू, मी मोजायला गेले तर हजारांनी भरेल. मी खाटेवरून उठले आणि तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसले. तिचे केस कानशिलाकडे पांढरे झाले होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान ती. मला विचारायचं होतं, तुला तेव्हा नकाशात काय पाहायचं होतं? पण ते माझ्या तोंडून निघेना. मग जे यायला हवं होतं ते आलं, अठरा वर्षांनी उशिरा, आणि तोंडाला सवय नसल्यामुळे परक्यासारखं.

"रुख्मिणी, काय करून राहिली वं?"

तिनं वर पाहिलं नाही. भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली, नवी लावली.

"पाहून राहिल्या ना, बाई," ती म्हणाली. "कांड्या भरून राहिली."

आणि ती भरत राहिली. मग मी सक्करदऱ्याची बस चुकेल म्हणून उठले, आणि तिनंही मला बसा म्हटलं नाही.